‘ऑल ओके?’ नको, आकडा विचारा

वाळवंट म्हटलं की साहित्य शिकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आधी पुस्तकं येतात. मागच्या नाताळच्या सुट्टीत मी मावशीकडे शारजाला गेले, तेव्हा माझ्या बॅगेत विल्फ्रेड थेसिजरचं १९५९ सालचं ‘अरेबियन सँड्स’ होतं. उंटावरून ‘रब अल खाली’ पार करणारा माणूस, बेदू सोबती, ताऱ्यांखालच्या रात्री असं सगळं डोक्यात घेऊन मी वाळूत गेले. परत येताना मात्र डोक्यात कूलंट, रेडिएटर आणि गिअरबॉक्सचं तेल होतं. वाङ्मय मंडळाच्या अंकात इंजिनावर लेख कशाला, असं तुम्ही म्हणाल. शेवटपर्यंत वाचा, मग म्हणा.

माझे अंकल (आमच्याकडे काका, मामा, मावशीचे यजमान सगळे अंकलच!) तेवीस वर्षं गल्फमध्ये आहेत. पाइपलाइन टाकणाऱ्या कंपनीत सुपरवायझर आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी पंधरा वर्षं जुनी फोर-व्हील ड्राइव्ह घेतली आणि वाळूत गाड्या चालवणाऱ्या एका क्लबात शिरले. क्लबात एमिराती आहेत, केरळचे आहेत, पाकिस्तानी, फिलिपिनो, ब्रिटिशही आहेत. शनिवारी उजाडायच्या आत सगळे ठरलेल्या पेट्रोल पंपावर जमतात. त्या दिवशी आम्ही दुबईहून हत्ताकडे जाणाऱ्या रस्त्यावर अल बदायरला गेलो. तिथल्या मोठ्या टेकाडाला सगळे ‘बिग रेड’ म्हणतात. वाळूच्या कणांवर लोहाचा गंज असतो, म्हणून ती लाल दिसते.

वाळूत उतरण्याआधी पहिलं काम म्हणजे टायरमधली हवा काढणं. रस्त्यावर पस्तीसच्या आसपास असलेलं प्रेशर बारा-पंधरा पीएसआयवर आणतात. टायर पसरतो, वाळूत रुतत नाही, आणि इंजिनाला ओढ कमी लागते. मग ओळ लागते. पुढे लीडर, शेवटी ‘स्वीप’, मध्ये बाकीचे, आणि प्रत्येक गाडीत वॉकीटॉकी. आमचा नंबर चौथा होता.

डिसेंबरच्या सकाळी तिथे स्वेटर घालावा लागतो. मग इंजिन तापेल कशाने, असं मलाही वाटलं होतं. पण इंजिन तापवायला बाहेरचं ऊन लागतच नाही. पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते, तिच्यातली थोडीच चाकांपर्यंत पोचते. बाकीची धुरातून आणि रेडिएटरमधून बाहेर टाकावी लागते. हायवेवर गाडी शंभरने पळते तेव्हा समोरचा वारा हे काम करतो. मऊ वाळूत इंजिन जोरात फिरत असतं, पण गाडी जेमतेम वीस-तीसच्या वेगाने सरकते. म्हणजे काम दुप्पट आणि वारा नाही. त्यात वारा पाठीमागून असला तर रेडिएटरमधून हवा जाणार कुठून? एसी चालू असेल तर त्याचीही उष्णता रेडिएटरच्या तोंडावरच फेकली जाते. ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सचं तेल वेगळं तापतं. ‘लो रेंज’ न लावता चढ चढत राहिलं की ते आणखी तापतं.

तिसऱ्या चढानंतर अंकलनी एसी बंद केला आणि काच खाली केली. “फ्रेश एअर घे गो,” म्हणाले. मी घेतली. थोड्या वेळाने वॉकीटॉकीवर लीडरचा आवाज आला, “ऑल ओके?” एकामागून एक उत्तरं गेली. ओके, ओके, ओके. आमच्या गाडीतूनही गेलं, “ओके.” पुढच्या चढावर बॉनेटच्या फटीतून वाफ आली आणि गोडसर वास सुटला. तो कूलंटचा वास होता हे मला नंतर कळलं.

सगळी ओळ थांबली. अंकल उतरून रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले, तेव्हा लीडर ओरडलेच. झाकणाखाली दाब असतो. त्या दाबामुळेच कूलंट शंभरच्या पुढे जाऊनही उकळत नाही. गरम असताना झाकण फिरवलं तर दाब एकदम सुटतो, सगळं उकळतं आणि तोंडावर उडतं. इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं, आणि पाऊण तास सगळे वाळूत बसलो. इंजिन निवाल्यावर कळलं की रेडिएटरच्या वरच्या पाइपची क्लिप सैल झाली होती. दोन मिनिटांचं काम, एक स्क्रूड्रायव्हर. पण एव्हाना कूलंट बरंच वाहून गेलं होतं. मग सगळ्यांनी आपापल्या गाडीतल्या पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या आणल्या आणि त्या आमच्या रेडिएटरमध्ये रिकाम्या केल्या. कुणी काही बोललं नाही. अंकल मान वर करत नव्हते.

लीडर हे एक वयस्कर एमिराती गृहस्थ. त्यांनी एवढंच विचारलं, “कधीपासून?”

अंकल म्हणाले, “पहिल्या टेकडीपासून काटा थोडा वर होता.”

म्हणजे ‘फ्रेश एअर’ ही थाप होती. लीडर म्हणाले, “माझंच चुकलं. मी आकडा विचारायला हवा होता.”

माझा मुद्दा या वाक्यात आहे. चूक अंकलची होतीच. पण ‘ऑल ओके?’ हा प्रश्नच असा आहे की त्याला एकच उत्तर येतं. सहा गाड्या ऐकत असताना, आपण नवीन असताना, ‘नाही, माझी गाडी तापतेय, सगळे थांबा’ असं म्हणायला जी छाती लागते, ती माझ्या अंकलकडे नव्हती. मला वाटतं, माझ्याकडेही नसती.

त्यात डॅशबोर्डवरचा काटाही साथ देत नाही. पुष्कळ आधुनिक गाड्यांमध्ये हा काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. तापमान ऐंशीवरून शंभरकडे गेलं तरी तो मध्यावरच उभा राहतो, कारण जरा हलला की गिऱ्हाईक घाबरून गॅरेजमध्ये धावतं. तो मध्यावरून हलायला लागतो, तेव्हा खरं तर उशीर होत आलेला असतो. म्हणून क्लबातले अनुभवी लोक स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये ‘ओबीडी’ नावाची छोटी डबी लावतात आणि मोबाइलवर खरा आकडा बघतात. परत येताना लीडरनी आपली डबी आम्हाला दिली आणि माझ्यावर काम सोपवलं. दर दहा मिनिटांनी आकडा वाचून वॉकीटॉकीवर सांगायचा. त्र्याण्णव. शहाण्णव. एका लांब चढानंतर एकशे चार. लगेच लीडरनी ओळ थांबवली. गाडीचं तोंड वाऱ्याकडे केलं, इंजिन चालूच ठेवलं म्हणजे पंखा आणि पंप फिरत राहतात, एसी बंद आणि हीटर फुल. हीटर इंजिनाची उष्णता आत गाडीत ओढतो. आम्ही घामाघूम झालो, आकडा सात मिनिटांत ब्याण्णववर आला, आणि ओळ पुढे निघाली. कुणाला काही लाज नाही, कुणाची माफी नाही. आकडा वाढला, थांबलो, उतरला, निघालो.

यावर क्लबातल्या एकाने मला ऐकवलं की असं सारखं थांबत बसलं तर ड्रायव्हिंगची मजाच जाते, आणि ज्याला गाडीचा अंदाज नाही त्याने वाळूत येऊच नये. यात थोडं तथ्य आहे. प्रत्येकाने आपलं रेडिएटर घरून धुऊन, क्लिपा तपासून यायला हवं. पण हिशेब करा. सात मिनिटं थांबणं महाग, की पाऊण तास वाळूत बसून सगळ्यांचं पिण्याचं पाणी संपवणं? आणखी ताणलं असतं तर सिलिंडर हेड वाकलं असतं, गॅस्केट उडालं असतं, आणि ती गाडी दोराने ओढत आणावी लागली असती. लोक ज्याला ‘अंदाज’ म्हणतात तो बऱ्याचदा गप्प बसण्याचा सराव असतो.

रात्री जेवताना मावशी जे म्हणाली त्याने मात्र मी गप्प झाले. युएईत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करून घ्यायला बंदी आहे. गेली वीसेक वर्षं हा नियम आहे. अंकलचं कामच ते. घड्याळात साडेबारा वाजले की माणसं पाइपवरून उतरवायची, सावलीत बसवायची. “पोरांना तू विचारतोस का, तापलात का म्हणून?” मावशीने विचारलं. अंकल म्हणाले, “विचारून काय उपयोग? सगळे नाहीच म्हणणार. गावी पैसे पाठवायचे असतात.” मग जरा थांबून म्हणाले, “म्हणून तर घड्याळ बघायचं.”

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. पगारावर जगणारा माणूस ‘मला झेपत नाही’ असं स्वतःहून सांगणार नाही, हे ओळखून तो नियम प्रश्न विचारतच नाही, वेळ बघतो. माणसांच्या बाबतीत अंकल हे रोज पाळतात. फक्त स्वतःची पाळी आली तेव्हा तेही ‘ओके’ म्हणाले.

आता आपल्याकडे या. आपल्यातल्या कितीजणांच्या घरातलं कुणी ना कुणी कुवेतला, मस्कतला, दोहाला किंवा बोटीवर आहे! रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आपण काय विचारतो? “बरे आहात ना?” तिकडून येतं, “एकदम बरा.” काटा मध्यावर. फोन ठेवला. कॉलेजातही तेच. परीक्षेच्या आधी मैत्रिणीला विचारायचं, “ठीक ना गं?” ती म्हणते, “हो गं.” संपलं. आपण विचारलं याचं समाधान आपल्याला, आणि तिची वाफ तिच्यापाशी.

आम्हा कॅथलिकांना लहानपणी कन्फेशनला जाण्याआधी एक शिकवतात. ‘मी वाईट वागले’ असं मोघम सांगायचं नाही. काय केलं आणि किती वेळा, ते सांगायचं. तेव्हा मला याचा फार राग यायचा. आता वाटतं, त्या शिकवणाऱ्या सिस्टरना इंजिनं कळत असावीत. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर मिळतं, आणि मोघम उत्तरामागे माणूस आरामात लपू शकतो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आपल्या माणसांना ‘सगळं ठीक?’ असं विचारणं कमी करूया आणि आकडा विचारूया. काल किती तास झोपलास? शेवटचं नीट जेवण कधी झालं? किती पेपरांचा अभ्यास राहिलाय? आणि आकडा वाईट आला तर लेक्चर द्यायचं नाही. लीडरसारखं ओळ थांबवायची, तोंड वाऱ्याकडे करायचं आणि वाट बघायची. सांगणाऱ्याला एकदा जरी लाजवलं, तरी पुढच्या वेळी तो काच खाली करून ‘फ्रेश एअर’ म्हणणार.

मागच्या रविवारी अंकलचा फोन आला. मी ‘कसे आहात’ विचारलं नाही. “बीपी किती आहे?” असं विचारलं. ते हसले, मग गप्प झाले, मग म्हणाले, “एकशे साठ. खालचा शंभर. मावशीला सांगू नको.”

मी म्हटलं, “सांगणार. आधी तुम्ही थांबा.”

दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरकडे गेले.