सरांची ड्युटी कोण मोजतं?

डॉक्टरांवरच्या ताणाचा विषय निघाला की आपल्याला आठवतात ते निवासी डॉक्टर. लांबलचक ड्युट्या, मार्डचा संप, डोळ्यांखालची काळी वर्तुळं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलानं २०२४ मध्ये त्यांच्यासाठी आठवड्याला कमाल ७४ तासांची मर्यादा सुचवली. निदान आकडा तरी आला! पण राउंडला सगळ्यांच्या पुढे चालणाऱ्या सरांचं, मॅडमचं काय?

सरकारी रुग्णालयातले सिनिअर डॉक्टर ओपीडी बघतात, ऑपरेशन करतात, शिकवतात, परीक्षा घेतात. औषध संपलं की नातेवाइकांची बोलणीही तेच खातात. औषधखरेदी त्यांच्या हातात नाही, पदभरतीही नाही. उत्तर मात्र त्यांनीच द्यायचं.

नांदेड आठवा. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला तिथल्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाल्याची बातमी आली. त्यात १२ नवजात बाळं होती. जाब विचारायलाच हवा होता. पण खासदारांनी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं आणि तो व्हिडिओ मोबाइलवर फिरला. त्यानं एकही रिक्त पद भरलं गेलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटच्या तीन खुणा सांगितल्या: ताकद संपणं, कामाबद्दल कोरडेपणा येणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. संघटना याला आजार म्हणत नाही, कामाच्या ठिकाणच्या न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हणते. मग दुरुस्ती कामाच्या ठिकाणी नको का? डॉक्टर्स डेला योगाचं सेशन ठेवून हे कसं सुटणार?

९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यात एकाच दिवशी १० शासकीय मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं. सीट्स वाढल्या, छानच. पण साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमडी आणि पुढचा अनुभव, तेव्हा कुठे एक प्राध्यापक घडतो. तो वैतागून खासगीत गेला की वॉर्डातला डॉक्टर जातोच, शिवाय अख्खी बॅच शिक्षकाविना राहते.

म्हणून मेडिकलच्या दोस्तांनो, पुढच्या आंदोलनात स्टायपेंड आणि हॉस्टेलच्या जोडीला आणखी एक मागणी लिहा: प्राध्यापकांची रिक्त पदं भरा, कागदपत्रांच्या कामाला वेगळी माणसं द्या. सरांवर उपकार म्हणून नव्हे. पंधरा-वीस वर्षांनी राउंडला पुढे तुम्हीच चालणार आहात.