आधी सफाई, मग लर्निंग. सुटा भाग शेवटी

गाडी चालू होते, पण एक्सलरेटरवरून पाय काढला की बंद पडते. कालच नवी बॅटरी टाकली, तोपर्यंत काही तक्रार नव्हती. अशी पेट्रोल गाडी आज प्रत्येक गॅरेजच्या ओळखीची आहे. दुर्दैवाने तिच्यावर होणारा इलाजही ओळखीचा आहे. थ्रॉटल बॉडी गेली असे सांगून नवी बसवली जाते आणि गिऱ्हाइकाच्या खिशाला काही हजारांची चाट बसते. अनेकदा नव्या थ्रॉटल बॉडीवरही गाडी आयडल धरत नाही, कारण मूळ कारणाला कोणी हातच लावलेला नसतो.

ते कारण नीट समजून घेऊ. पाय काढल्यावर थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटते आणि तिच्या कडेने शिरणाऱ्या थोड्याशा हवेवर इंजिन चालते. वापराबरोबर त्या कडेवर काजळी साचते आणि हवेची वाट अरुंद होते. तरीही इंजिन ७०० ते ८०० आरपीएमवर टिकून राहते, कारण ईसीएम झडप किंचित जास्त उघडी ठेवायला शिकतो. हा शिकलेला आकडा बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या कायम सप्लायवर टिकणाऱ्या मेमरीत असतो. टर्मिनल काढली की तो पुसला जातो. ईसीएम पुन्हा कंपनीच्या मूळ आकड्यावर येतो, आणि तो आकडा स्वच्छ थ्रॉटलसाठी असतो. काजळलेल्या थ्रॉटलला तेवढी हवा पुरत नाही आणि इंजिन बंद पडते. त्यात एसी लावला तर आणखी लवकर. केबलच्या जुन्या गाड्यांत हेच काम आयडल व्हॉल्व्हची स्टेपर मोटर करते. तिलाही आपली जागा पुन्हा शोधावी लागते.

म्हणजे बॅटरी काढल्याने दोष निर्माण झाला नाही. ईसीएमने आजवर सांभाळून घेतलेला दोष उघडा पडला. याची उलट खूणही पाहा: बॅटरी न काढता नुसती थ्रॉटल साफ केली, तर आयडल बऱ्याचदा चढते. वाट मोकळी झाली, पण ईसीएम अजून जुन्याच आकड्यावर असतो.

तपासाची सुरुवात मात्र आपला हात जिथे लागला तिथूनच करा. बॅटरी काढताना अनेक गाड्यांत एअर फिल्टरचा डबा किंवा डक्ट हलवावा लागतो. डक्ट नीट बसली आहे का, एअरफ्लो सेन्सरचे कनेक्टर लागले आहे का, एखादा व्हॅक्यूम पाइप निसटला आहे का, अर्थिंग घट्ट आहे का, हे पाहा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम आयडलला बरीच अधिक असेल आणि २५०० आरपीएमला कमी होत असेल, तर बाहेरची हवा कुठून तरी आत शिरते आहे. ती गळती सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

मग थ्रॉटलची सफाई. क्लीनर कापडावर घ्या, पॉलिश पेपर वापरू नका. काही बोअरना आतून कोटिंग असते. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने जोर लावून उघडू नका, आणि इग्निशन चालू असताना तर तिथे बोट नेऊच नका.

त्यानंतर लर्निंग. प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी असते. निसानच्या दुरुस्ती पुस्तिकेत तीन टप्पे क्रमाने दिलेले आहेत: पेडल सोडलेली स्थिती, झडप मिटलेली स्थिती आणि शेवटी आयडल हवेचे प्रमाण. शेवटच्या टप्प्याला इंजिन गरम हवे, एसी आणि दिवे बंद हवेत, स्टीअरिंग सरळ हवे. काही गाड्या थोडा वेळ आयडलवर आणि रस्त्यावर चालवल्या की आपोआप शिकतात, काहींना स्कॅनरच लागतो. ऐकीव युक्तीवर विसंबू नका, त्या मॉडेलची पुस्तिका उघडा.

बॅटरी काढण्याआधी गिऱ्हाइकाला एवढे सांगा: “दादा, बॅटरी काढल्यावर गाडीचं सेटिंग पुसलं जातं. थ्रॉटल घाण असेल तर गाडी बंद पडेल, ती साफ करून लर्निंग करावं लागेल.” आधी सांगितले की ती माहिती असते, नंतर सांगितले की ती सबब वाटते. नुसती बॅटरी बदलायची असेल तर मेमरी टिकवणारा बॅकअप सप्लाय जोडा. एअरबॅगच्या कामात मात्र बॅकअप अजिबात नको. तिथे सप्लाय पूर्ण तुटलाच पाहिजे.

सफाई आणि लर्निंगला वेळ लागतो, कौशल्य लागते. त्याची मजुरी बिलावर स्पष्ट लिहा आणि ती मागताना संकोच करू नका. आपल्या ज्ञानाचे पैसे मागायला आपण कचरतो, म्हणून न बिघडलेले सुटे भाग विकण्याची वेळ येते. ही सवय मोडू या. हे सगळे करूनही आयडल बसले नाही, तरच थ्रॉटल बॉडीची ऑर्डर द्या.