आपलेच पैसे मागणारा लोभी कसा?

(द्वितीय वर्ष, कला)

विमानप्रवाशांच्या फसवणुकीवर खेड्यातून एस.टी.ने कॉलेजला येणाऱ्या विद्यार्थ्याने लिहावे, याचे काहींना हसू येईल. विमान हा श्रीमंतांचा विषय, असे आपण धरून चालतो. पण १ ऑक्टोबर २०१७ रोजी कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे शिर्डीच्या विमानतळाचे उद्घाटन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झाले, आणि ही समजूत आपल्याच जिल्ह्यात मोडीत निघाली. शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, तिथे २५०० मीटरची धावपट्टी झाली. आज सुट्टीवर येणारा जवान विमानाने येतो, आखातात जाणारा फिटर विमानाने जातो, आणि लेकीच्या बाळंतपणाला बंगलोरला निघालेली माउलीही पिशवीत भाकरी बांधून विमानातच बसते. या मंडळींच्या घरात विमानाचे तिकीट काढण्याची ही पहिलीच पिढी आहे. ठग नेमका इथेच टपून बसलेला असतो.

त्याची रीत साधी आहे. विमान रद्द झाले की प्रवासी कंपनीचा नंबर शोधतो. इंटरनेटवर कंपनीच्या नावाखाली ठगाने आपला नंबर आधीच पेरून ठेवलेला असतो. फोन लावणारे आपणच असतो, त्यामुळे संशय येत नाही. पलीकडचा माणूस गोड बोलतो, तिकिटावरचा सहा अक्षरी क्रमांक विचारतो, ‘रिफंड’साठी एखादे ॲप मोबाईलमध्ये घ्यायला लावतो, आणि त्या ॲपमधून आपला पडदा त्याला दिसू लागतो. मग ओ.टी.पी. सांगावासुद्धा लागत नाही. तो त्याला दिसतोच. काहीजण समाजमाध्यमावर कंपनीकडे जाहीर तक्रार करतात. तिथे कंपनीचेच चिन्ह लावून खोटा खातेदार उत्तर द्यायला हजर! तिकिटाचा क्रमांक आणि आडनाव एवढ्यावर बहुतेक कंपन्यांचे आरक्षण उघडते, हे ठाऊक नसल्याने हौसेने बोर्डिंग पासचा फोटो टाकणारेही आपल्यात थोडे नाहीत.

आमच्या गल्लीतील एका जवानाच्या वडिलांचे असेच झाले. मुलाचे विमान रद्द झाले, तिकिटाचे पैसे परत मिळवायला त्यांनी फोन केला. खात्यात उसाचे बिल नुकतेच जमा झालेले. तासाभरात ते गेले. त्यानंतर पारावर जे बोलले गेले ते मला अधिक झोंबले. ‘लोभ नडला,’ असे लोक म्हणाले. आमच्याच एका शिकलेल्या नातेवाइकाने तर ‘अडाण्यांनी मोबाईल वापरूच नये,’ असा निकाल दिला.

माझा सवाल असा की, यात लोभ कुठे आहे? लॉटरी लागली म्हणून धावणाऱ्याला लोभी म्हणा हवे तर. हा माणूस स्वतःचेच पैसे मागत होता. आपलेच पैसे मागायला गेलेल्या माणसाला कंपनीचा खरा नंबर सापडत नाही आणि ठगाचा सापडतो, यात दोष कुणाचा? संकेतस्थळावर तिकीट काढण्याचे बटण हातभर मोठे, आणि तक्रारीचा फोन मात्र चार पानांच्या आड. सूचना सगळ्या इंग्रजीत. ठग मात्र हिंदीत बोलतो, प्रसंगी मराठीतही. गिऱ्हाइकाशी त्याच्या भाषेत बोलावे, हे ठगाला समजते. कंपन्यांना ते केव्हा समजणार?

आता कायदा पाहू. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाच्या जबाबदारीची मर्यादा ठरविली गेली. दोष बँकेचाही नसेल आणि ग्राहकाचाही नसेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळविणाऱ्या ग्राहकावर भार नाही. हे चांगलेच आहे. पण ग्राहकाने स्वतःची गुप्त माहिती दुसऱ्याला दिली, तर तो निष्काळजीपणा; बँकेला कळवीपर्यंतचे सारे नुकसान त्याचे. शहाण्या शहरी माणसालाही जे सोंग ओळखता येत नाही, ते जवानाच्या बापाला ओळखता आले नाही, याला निष्काळजीपणा म्हणणे मला न्यायाचे वाटत नाही.

शिवाय ग्राहकाची माहिती फुटते ती नेहमी त्याच्याच तोंडून असे नाही. एअर इंडियाच्या जगभरातील सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती फुटल्याचे मे २०२१ मध्ये जाहीर झाले. नावे, जन्मतारखा, पासपोर्ट व तिकिटाचा तपशील, सारे त्यात होते. कंपनीच्या भांडारातून माहिती जाते तेव्हा तिला कुणी अडाणी म्हणत नाही!

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. अशा दिवसांत लाखो लोक एकाच वेळी परताव्याचा नंबर शोधत असतात. ठगाची सुगी म्हणतात ती हीच. यात्रेकरूंचेही तेच. केदारनाथच्या हेलिकॉप्टरची, चारधामची, यात्रेकरूंच्या निवासाची खोटी संकेतस्थळे निघाल्याचा इशारा केंद्रीय गृहखात्याने एप्रिल २०२५ मध्ये दिला होता. शिर्डी-शिंगणापूरच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना हे परके वाटू नये.

करता येण्याजोगे पुष्कळ आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या राखीव नावाखाली येण्यास सांगितले. खोट्या बँकेला ते नाव मिळणार नाही. तिकीट विकणाऱ्यांनाही असेच बंधन का नको? तिकिटावर तक्रारीचा नंबर ठळक आणि मराठीत छापायला कितीशी शाई लागते? १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, तेव्हा मोबाईल नव्हता, तरी गिऱ्हाईक एकटे पडते हा प्रश्न तोच होता. आता २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा हाताशी आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी आयोग आहे. एखाद्या गावकऱ्याची तक्रार तिथे दाखल व्हावी म्हणून वाणिज्य शाखेच्या आमच्या मित्रांनी अर्ज लिहून द्यायला काय हरकत आहे?

आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे आमचे शिबिर. सात दिवस आम्ही रस्ते झाडतो, शोषखड्डे खणतो. ते झालेच पाहिजे. पण त्यातली एक संध्याकाळ पारावर बसून घालवावी. पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, हे सांगावे. पैसे गेले तर पहिला फोन १९३० या क्रमांकावर करायचा, लाजून दोन दिवस घरात बसायचे नाही, कारण लवकर कळविले तर ठगाच्या खात्यातले पैसे गोठवता येतात, हेही सांगावे. जवानाच्या वडिलांना १९३० हा क्रमांक चौथ्या दिवशी कळला. सांगणारा कुणी कॉलेजकुमार नव्हता, पोस्टमन होता.