दुसरा पाइप मॅनिफोल्डपासून

देवगाव रंगारीच्या एका गॅरेजमधून प्रश्न आला आहे: गिऱ्हाइकाने जुनी डॉज किंग्जवे आणून उभी केली आहे, तिला डबल सायलेन्सर हवा म्हणतो, करून द्यावा का? पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर आणि जुन्या जीपबद्दलही हेच विचारले जाते. सगळ्यांना एकच उत्तर देणे चुकीचे ठरेल. किंग्जवेला करा. पद्मिनीला करू नका.

याचे कारण फायरिंग ऑर्डरमध्ये आहे. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या जात. त्यांची सहा सिलिंडरची फ्लॅटहेड इंजिने 1-5-3-6-2-4 या क्रमाने पेटतात. पुढचे तीन सिलिंडर आणि मागचे तीन अशी विभागणी करून हा क्रम पुन्हा वाचा: एकदा पुढचा, एकदा मागचा, शेवटपर्यंत आळीपाळीने. तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मध्ये मॅनिफोल्ड दुभागला, की प्रत्येक पाइपला क्रँकच्या दर 240 अंशांनी, अगदी सारख्या अंतराने झोत मिळतो. एकाचा धूर शेजारच्याच्या उघड्या व्हॉल्व्हवर परत येत नाही. इंजिन मोकळे होते ते यामुळे. लोकांना आवडणारा तो भरदार, ठेक्यातला आवाजही यातूनच येतो, त्यासाठी सायलेन्सरच्या आतल्या जाळ्या काढाव्या लागत नाहीत.

पद्मिनीचे 1089 सीसीचे इंजिन चार सिलिंडरचे. तिच्या एकाच पाइपला मागे फाटा देऊन बंपरखालून दोन तोंडे काढण्याचे काम सर्रास चालते. त्याने ताकद वाढत नाही, वजन वाढते. शिवाय एक लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होते. दोन पाइपांत वाटलेला धूर लवकर थंड होतो आणि ते पाणी सायलेन्सरमध्येच साचते. आठवड्यातून एकदा गावात फेरी मारून शेडमध्ये उभी राहणारी गाडी आतून अशीच सडते. चार सिलिंडरला दोन पाइप द्यायचेच असतील तर ते पुढे द्या. अ‍ॅम्बेसेडरच्या 1489 सीसी इंजिनाच्या हेडमध्ये दुसऱ्या-तिसऱ्याचे एक्झॉस्ट पोर्ट मुळातच एकत्र आहेत. त्यांचा एक पाइप, पहिल्या-चौथ्याचा मिळून दुसरा, आणि गिअरबॉक्सखाली दोन्हींचा एक करून सरळ मागे. व्ही-एट इंजिनाचे दोन मॅनिफोल्ड जन्मतःच वेगळे असतात, तिथे वादच नाही. मात्र त्याच्या एकेका बाजूचे झोत विषम अंतराने येतात, म्हणून दोन पाइपांना जोडणारा आडवा पाइप विसरू नका.

आता किंग्जवेच्या कामाकडे. मॅनिफोल्ड बिडाचा आहे. तो कापून नवे तोंड जोडताना आधी सगळीकडून सारखा तापवा, निकेलच्या रॉडने थोडी थोडी वेल्डिंग करा आणि कोरड्या राखेत पुरून सावकाश निवू द्या. घाई केली तर तडा आजच दिसणार नाही, दोन महिन्यांनी दिसेल. वेल्डिंगनंतर तोंडे मशीनवर एका पातळीत घ्या. कार्ब्युरेटरखालचा भाग एक्झॉस्टच्या उष्णतेवर तापतो. दुभागताना तिकडे जाणारी वाट बंद झाली, तर पौष-माघातल्या सकाळी गाडी आचके देईल.

नवा पाइप पेट्रोल पंपाजवळून नेणे टाळा, जागाच नसेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा द्या. औट्रम घाट चढून कन्नडकडे येणाऱ्या गाड्या आपण पाहतो. भर मे महिन्यात अशा चढावर पेट्रोल नळीतच उकळले की गाडी तिथेच बसते. रबराच्या माउंटिंगवर इंजिन डोलते, तेव्हा स्टिअरिंग बॉक्स, ब्रेकची नळी आणि चासी यांच्यापासून पाइपाला बोटभर मोकळी जागा हवी. सायलेन्सरच्या सर्वांत खालच्या बिंदूवर तीन मिलिमीटरचे भोक पाडा, पाणी निघून जाईल. पाइप वाकवायला वाळूज औद्योगिक वसाहत आपल्या हाताशी आहे. वाळू भरून, गॅसवर तापवून चेपलेले बेंड आता कोणी बसवू नयेत.

पाइपांची शेवटची तोंडे बंपरच्या बाहेर काढा. जुन्या गाडीच्या डिकीचा तळ गंजून चाळणी झालेला असतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मागच्या सीटवर मुले बसतात, हे गाडी परत देण्याआधी प्रत्येक मिस्त्रीने ध्यानात घ्यावे.

पीयूसी काढताना दोन्ही तोंडांवर तपासणी करा, कारण एका तोंडातून फक्त तीनच सिलिंडरांची हकिकत कळते. एवढ्या जुन्या पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आहे. प्लग पांढरे पडू लागले तर जेट बदला.

कायद्याचे दोन मुद्दे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. आवाज मर्यादेबाहेर गेला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दुसरा मुद्दा 2021 च्या व्हिंटेज नोंदणी नियमांचा. 50 वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली गाडी त्यात बसते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही. म्हणून पाइपासाठी चासीचा आडवा बार कापायला आमचा ठाम विरोध आहे. जोडणी सगळी नटबोल्ट आणि क्लॅम्पवर ठेवा. शक्य असेल तिथे गाडीचा मूळ मॅनिफोल्ड न कापता दुसरा जुना मिळवून त्यावर काम करा, आणि मूळचा तेल लावून, गोणपाटात गुंडाळून मालकाच्या हवाली करा. ज्यांनी किंग्जवेचे किंवा प्लिमथचे असे काम केले आहे, त्यांनी पाइपाचा व्यास, बेंडची मापे आणि हँगरच्या जागा कागदावर उतरवून आमच्याकडे पाठवाव्यात. पुढच्या अंकात त्या आराखड्यांसह छापू, म्हणजे देवगावच्या मिस्त्रीला पत्रा कापण्याआधी हातात माप असेल.