बिडी, पाय आणि पाचवं शील

"ओढली कशाला? आता भोगा." पायाची बोटं काळी पडलेल्या मजुराला हे ऐकावं लागतं, आणि ऐकवणाऱ्यांत आपलेही शिकलेले लोक असतात. आमचा वाद त्यांच्याशी आहे.

बर्गर्स डिसीज हा आजार मुख्यतः पंचेचाळिशीच्या आतल्या, तंबाखू घेणाऱ्या पुरुषांना होतो. हातापायांच्या लहान-मध्यम रक्तवाहिन्या सुजतात, आत गुठळ्या होतात. चालताना तळवा, पोटरी दुखते आणि थांबलं की दुखणं थांबतं. पुढे रात्री पडल्या पडल्याही ठणका लागतो. बोटाला नुसतं खरचटलं तरी जखम भरत नाही. शेवटी गँगरीन, आणि मग बोट, पाऊल, कधी गुडघ्याखालचा पाय. ज्याचं पोट पायावर चालतं त्या हमालाचा, नाक्यावरच्या मजुराचा रोजगारच कापला जातो!

लिओ बर्गर यांनी 1908 साली हे वर्णन लिहून ठेवलं. आजार थांबवायचा तर तंबाखू पूर्ण सोडावी लागते. दिवसाला एक-दोन बिड्याही आजार जागा ठेवू शकतात. बिडी सोडून तंबाखू मळली तरी तेच.

हे त्याला सांगितलं कोणी? ऑस्ट्रेलियात सिगारेटच्या पाकिटावर सडलेल्या पायाचं चित्र छापलं गेलं. आपल्याकडे तोंडाचा, घशाचा कर्करोग दिसतो, तोही बंडलाच्या चुरगळलेल्या कागदावर. सुटी बिडी घेणाऱ्याला तेवढंही दिसत नाही.

2017 ला जीएसटी आला तेव्हा सिगारेटवर उपकर बसला, बिडीवर नाही. बिडी महागवायची म्हटलं की बिडी कामगारांच्या पोटाचा दाखला येतो. कामगारांचा एवढा कळवळा असेल तर हजार बिड्यांमागची मजुरी वाढवा, पर्यायी काम द्या. बाबू हरदासांनी कामठीत बिडी मजुरांची संघटना बांधली ती मजुरांसाठी, कारखानदारांच्या ढालीसाठी नव्हे.

आणि आपण? पाचवं शील घेतो आणि त्याचा अर्थ दारूपुरता ठेवतो. वंदना संपली की विहाराच्या पायरीवरच बिडी पेटते. (सिगारेटवाले साहेबही त्यात असतात.) दारूबंदीवर आम्ही मोर्चे काढले, तंबाखूवर एक सभा घेतली नाही. वस्तीतल्या आरोग्य शिबिरात रक्तदाब, साखर तपासतो. चप्पल काढायला लावून पायाची नाडी कोण बघतं? पुढच्या शिबिरात बघा. बिडी सुटत नसेल त्याला 1800-11-2356 हा सरकारी मोफत नंबर लावून द्या, आणि तो बोलेपर्यंत शेजारी बसा.