डोंगर दारात, आणि पोरं हायवेवर

पहाटे महाडहून पोलादपूरकडे जाणाऱ्या पहिल्या एसटीत बसलात, तर खिडकीतून हे हमखास दिसेल. अंधारात हायवेच्या कडेने चार-पाच पोरं एकामागे एक धावत असतात. एकाच्या हातात मोबाईलची बॅटरी, बाकीच्यांच्या पायांत शाळेतले कॅनव्हासचे बूट. मागून कंटेनर आला की सगळी एकदम गटाराच्या बाजूला सरकतात आणि तो गेला की परत डांबरावर येतात. पोलीस भरतीची तयारी चाललेली असते. त्यांतली बरीच पोरं आपल्याच वस्त्यांतली आहेत. कुणाचा मुलगा, कुणाचा पुतण्या. आता मुलीही दिसू लागल्या आहेत, पण थोड्या.

शनिवारी रात्री पाचाडला जा. तिथे मुंबई-पुण्याच्या गाड्या लागलेल्या असतात. माणसं उजाडायच्या आत रायगड चढायला निघतात आणि त्यांतली काही चक्क धावत चढतात. याला ट्रेल रनिंग म्हणतात, म्हणजे डोंगरातल्या पायवाटेवरून धावणं. आपल्या राज्यात याच्या स्पर्धा भरतात. पुण्याकडे सिंहगड, राजगड आणि तोरणा हे तीन किल्ले एका दमात जोडणारी शर्यत होते. तिची फी आणि त्या धावण्याचे बूट यांचा खर्च मिळून आपल्या एखाद्या घरात महिन्याचा किराणा येईल. तिकडे भूमध्य समुद्रात कॉर्सिका नावाचं बेट आहे. तिथल्या डोंगरांतून सुमारे १८० किलोमीटरची एक वाट जाते. साधी माणसं ती पंधरा दिवसांत चालतात. पट्टीचे धावणारे ती दीड दिवसाच्या आत संपवतात. जगभरातून लोक पैसे खर्चून तिथे जातात.

मला त्या लोकांचा राग नाही. त्यांनी जरूर धावावं. माझा प्रश्न आपल्याला आहे. ज्यांच्या दारात सह्याद्री आहे, त्यांची पोरं डांबरावर कंटेनरच्या शेजारी का धावतात?

पोलादपूर तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून माझी नोकरी झाली. खांद्याला लशीचा डबा अडकवून मी वाड्या चढले आहे. ढवळ्याच्या बाजूने चंद्रगडाखालून वर महाबळेश्वरच्या ऑर्थर सीटपर्यंत जाणारी वाट आहे. किनेश्वरकडून पार घाटाची जुनी वाट आहे. तिच्यावरून एके काळी बैलांचे तांडे माल घेऊन जायचे. अशा वाटा इथे पुष्कळ आहेत. त्यांना फी नाही, आणि कंटेनर तर नाहीच नाही.

हा विषय मी आमच्या विहारात महिला मंडळापुढे काढला, तेव्हा एक म्हातारे बाबा मागे बसले होते. ते म्हणाले, "नर्सबाय, आमचा बाप धावला तेवढं पुरे झालं की."

सगळे हसले. मी मात्र घरी गेल्यावर बराच वेळ त्यावर विचार करत बसले, कारण बाबा खरं बोलत होते. गावकीच्या काळात डोंगरवाट कोण तुडवायचं? सरकारी टपाल तालुक्याला पोचवणं, साहेबाच्या घोड्यापुढे धावणं, मयताची खबर गावोगाव नेणं, ही वतनाची कामं होती आणि ती महारांच्या वाट्याला होती. रात्र असो, पाऊस असो, हाक आली की निघायचं. घरचा कर्ता हजर नसेल तर त्याच्या जागी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी जायचं. मोबदला म्हणून जमिनीचा तुकडा आणि बलुतं. ही वेठ मोडावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल मांडलं. वतनं कायद्याने जायला १९५८ साल उजाडलं. म्हणजे ज्यांच्या बापाने हे धावणं केलं, अशी माणसं आज आपल्यात बसलेली आहेत. त्यांना डोंगर हा व्यायाम वाटणार कसा? त्यांच्या हिशोबी पोरगं डोंगरावरून खाली उतरलं, डांबरी रस्त्याला लागलं, म्हणजे सुधारलं.

तरीही मी बाबांशी सहमत नाही. त्यांचा बाप दुसऱ्याच्या हाकेवर धावला. ही पोरं स्वतःच्या नोकरीसाठी धावणार आहेत. पाय तेच असले तरी धावण्याचा मालक बदलला आहे. शिवाय १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेला लोक भाकरी बांधून लांबलांबून आले, त्यांतले कितीतरी याच डोंगरवाटांनी पायी आले. ते कुणाच्या हाकेवर आले होते, हे बाबांना मी सांगायची गरज नाही.

आता भरतीचा हिशोब बघू. पोलीस भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यांतले २० गुण लांब धावण्याचे, मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर. या अंतराला दम लागतो. दम म्हणजे हृदय एका ठोक्याला किती रक्त ढकलतं आणि पायाचे स्नायू त्यातला किती प्राणवायू वापरतात. सपाटीवर हा दम वाढवायचा तर वेग वाढवावा लागतो, आणि वेग वाढला की कडक डांबराचा मार गुडघ्याला, नडगीला बसतो. नडगी दुखते म्हणून बाम चोळत बसलेली पोरं घरोघर आहेत. चढावर वेग कमी असतो, पाय हळू आपटतो, तरी छाती भात्यासारखी चालते. म्हणजे दम वाढतो आणि हाडं वाचतात. मातीच्या वाटेवर प्रत्येक पाऊल वेगळं पडतं, त्यामुळे घोट्याच्या आजूबाजूचे बारीक स्नायूही तयार होतात.

उतार मात्र फसवा असतो. चढताना माणूस दमतो, पण पाय दुखतात ते उतरल्यामुळे. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूला अंगाचं वजन झेलत ताणलं जावं लागतं. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना आई आठवते ती यामुळेच. सवयीने हे कमी होतं. सुरुवातीला चढ चालत जावा, उतार तर चालतच उतरावा, पावलं लहान ठेवावीत. उभ्या चढावर जगातले नामांकित धावपटूसुद्धा गुडघ्यावर हात ठेवून चालतात, त्यात कमीपणा नाही. चढताना एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग कमी करावा. आठवड्यातून दोन दिवस डोंगर पुरे. बाकीचे दिवस शाळेचं मैदान धरावं, कारण १०० मीटरची धाव आणि गोळाफेक काही डोंगर शिकवणार नाही.

अविनाश साबळेचं नाव बहुतेक घरांत माहीत असेल. बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा हा मुलगा लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत, धावत जायचा. बारावीनंतर तो सैन्यात गेला, तोही ५ महार बटालियनमध्ये. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस त्याने ८ मिनिटं ११.२० सेकंदांत पूर्ण केली आणि रौप्यपदक आणलं. सोनं पाच शतांश सेकंदांनी हुकलं. त्याचा पहिला सराव शाळेच्या वाटेवर झाला, हे पोरांना सांगा.

मुलींचं वेगळं लिहायला हवं. वस्तीतल्या एका मुलीने मला विचारलं, "मावशी, मी डोंगरावर गेले तर लोक काय म्हणतील?" हायवेवर तिला ट्रकवाले हॉर्न मारतात, ते चालतं. डोंगरावर गेली तर बदनामी. हा कुठला न्याय? यावर उपाय एकच, एकटीला पाठवू नका. पाच-सहा मुली आणि बरोबर दोन बायका. बायकांनी धावायची गरज नाही. त्यांनी चालत वर जावं आणि बसावं. त्यांच्याही बीपीला, साखरेला, वजनाला त्याचा उपयोगच होईल. माझ्या माहितीत सुनेच्या निमित्ताने सासूने चालायला सुरुवात केल्याची उदाहरणं आहेत.

मुलींना धावायला लावण्याआधी रक्त तपासून घ्या. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांत रक्त कमी आढळलं. हिमोग्लोबिन कमी असलेली मुलगी चढावर धापा टाकते, तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि आपण म्हणतो हिच्यात दम नाही. दम आहे, रक्त नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी फुकट होते, लोहाच्या गोळ्याही फुकट मिळतात. गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. नाचणीची आंबील, कुळीथ, हिरवा पाला, सुकट हे आपलंच खाणं आहे. डब्यातल्या महाग पावडरी घेऊ नका.

आता धोके. जून ते सप्टेंबर चढणीच्या वाटा बंद, यात वाद नको. २२ जुलै २०२१ ला तळियेवर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या आणि महाड शहर पाण्यात होतं. एप्रिल-मे मध्ये ऊन चढायच्या आत, आठपर्यंत घरी. रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला २०१७ च्या मार्चमध्ये ४६.५ अंश नोंदलं गेलं आहे, तेव्हा कोकणाची हवा मवाळ हा भ्रम सोडा. धावणारा बरळायला लागला, अंग तापलं, तोल गेला, तर सावलीत आडवं करून अंगावर पाणी ओतत राहा आणि १०८ ला फोन लावा.

विंचवाचं आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. लाल विंचू चावला की पूर्वी पोर हाताशी लागायचं नाही. डॉ. हिम्मतराव बावस्कर इथेच बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात असताना या विंचवामागे लागले आणि प्राझोसिन या गोळीने माणसं वाचतात हे त्यांनी दाखवलं. लॅन्सेटसारख्या इंग्लंडच्या नियतकालिकाने ते छापलं. जगाने महाडकडून शिकलेली गोष्ट आहे ही. तेव्हा चावल्यावर मांत्रिकाकडे नाही, थेट दवाखान्यात. आणि वाटेवर विसाव्याला बसताना दगडाखाली हात घालू नये. चपलेवर धावू नये.

आणखी एक गोष्ट, तिचा मला सगळ्यात जास्त धसका आहे. भरतीच्या दिवशी पोरं दुखण्याची गोळी घेऊन मैदानात उतरतात. रात्रभर प्रवास, पोटात काही नाही, पाणी कमी, वर ती गोळी. यात मूत्रपिंड जातं. एका मुलाला मी डायलिसिसवर बघितलं आहे. त्याच्या आईला त्या गोळीचं नावसुद्धा माहीत नव्हतं. ज्याला धावताना छातीत दुखतं, चक्कर येते, किंवा ज्याच्या घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं आहे, त्याने आधी डॉक्टरांना दाखवावं, नंतर बूट बांधावेत. दमेकऱ्याने पंप खिशात ठेवावा.

सुरुवात कुठून करायची, असं विचाराल. महाडच्या पोरांनी गांधारपाले लेण्यांच्या पायऱ्यांपासून करावी. हायवेपासून अगदी जवळ आहेत, चढ बेताचा आहे. भिक्खूंच्या राहण्याची जागा आहे ती, तेव्हा लेण्यांच्या आत आरडाओरडा आणि प्लास्टिक नको. पोलादपूरकडच्या पोरांनी आपल्या वाडीची गुराख्यांची वाट धरावी. गुराख्याला विचारून जावं. कुठे पाणी आहे, कुठे मधमाश्यांची पोळी आहेत, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

विहार समित्यांकडे माझं एक मागणं आहे. जयंतीला डीजेवर किती खर्च होतो ते मी इथे लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. त्यातून दहा जोड बरे बूट, एक प्रथमोपचाराची पेटी आणि चार बॅटऱ्या येतात. विहाराच्या कपाटात ठेवा, ज्याला लागतील त्याने वहीत सही करून न्याव्यात. आमच्याकडे हे मांडलं तेव्हा अर्ध्या लोकांनी माना डोलावल्या, अर्ध्यांनी पुढच्या वर्षी बघू म्हटलं. बूट अजून आलेले नाहीत. ती मुलगी मात्र दोन रविवार झाले, तिच्या आईबरोबर लेण्यांच्या पायऱ्यांवर येते. आई दुसऱ्या वळणावर बसते आणि मोबाईलवर वेळ लावते.