मैदानांतील पंच व परिषदेंतील पंच

क्रिकेटच्या खेळांत फलंदाज बाद झाला कीं नाहीं हें फलंदाजानें ठरवावयाचें नसतें, व गोलंदाजानेंही ठरवावयाचें नसतें. गोलंदाज मोठ्यानें विचारणा करितो, फलंदाज मुकाट्यानें उभा राहतो, आणि ज्याला त्या डावांत धांवा काढावयाच्या नाहींत व बळीही घ्यावयाचा नाहीं असा तिसरा मनुष्य निकाल देतो. एवढ्या एका साध्या नियमावर या खेळाची सारी प्रतिष्ठा उभारलेली आहे. शाळेंतील लहानांत लहान विद्यार्थ्यासही तो ठाऊक असतो. परंतु ज्या संस्थेच्या हातीं सर्व जगांतील क्रिकेटचा कारभार आहे, त्या आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या बैठकींत हा नियम कितपत पाळला जातो, याचा विचार आमच्यापैकीं फार थोडे करितात. जो न्याय परिषदेनें मैदानावर लागू केला, तोच तिनें आपल्या बैठकीसही लावून घ्यावा, असें आमचें मत आहे. तें कां, हें सांगण्यासाठीं हा लेख.

प्रथम या संस्थेचा पूर्वेतिहास थोडक्यांत पाहूं. १५ जून १९०९ रोजीं लंडन येथील लॉर्ड्स मैदानावर इंग्लंड, ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका या तीन देशांच्या प्रतिनिधींची सभा भरली व 'इंपीरियल क्रिकेट कॉन्फरन्स' स्थापन झाली. मूळ कल्पना दक्षिण आफ्रिकेंतील खाणमालक एब बेली यांची. नांवांतच साम्राज्य असल्यामुळें साम्राज्याबाहेरील देशांस तेथें प्रवेश नव्हता. त्या सुमारास अमेरिकेंतील फिलाडेल्फियाचे खेळाडू इंग्लंडांत जाऊन तेथील नामांकित संघांशीं सामने खेळून आले होते, तरी त्यांचा देश दाराबाहेरच राहिला. १९२६ सालीं हिंदुस्थान, न्यूझीलंड व वेस्ट इंडीज यांस आंत घेण्यांत आलें. पुढें १९६१ मध्यें दक्षिण आफ्रिकेचें सभासदत्व गेलें, तें तो देश राष्ट्रकुलांतून बाहेर पडला म्हणून. तेथील गौरेतर खेळाडूंस राष्ट्रीय संघांत जागा मिळत नसे, हें सर्वांस दिसत होतें. परंतु सभासदत्व जाण्याचें कारण तें झालें नाहीं. १९६५ मध्यें 'इंपीरियल' हा शब्द काढून 'इंटरनॅशनल' हा शब्द घालण्यांत आला व अमेरिका, सिलोन आणि फिजी यांना सहसभासद म्हणून प्रवेश मिळाला.

नांव बदललें तरी कारभार बराच काळ जुन्याच घरीं राहिला. लॉर्ड्सवरील मेरिलबोन क्रिकेट क्लबचा जो अध्यक्ष, तोच परिषदेचाही अध्यक्ष होत असे. आणि इंग्लंड व ऑस्ट्रेलिया यांच्या हातीं नकाराधिकार होता. इतर सर्व देशांनीं एकमतानें एखादी गोष्ट मागितली तरी या दोहोंपैकीं एकाच्या नकारानें ती अडे. हा अधिकार १९९३ सालीं संपला. त्याच वर्षीं १९९६ ची विश्वचषक स्पर्धा इंग्लंडांत भरवावी कीं भारत, पाकिस्तान व श्रीलंका येथें, यावर मोठा वाद झाला, व सहसभासद देशांच्या मतांच्या बळावर ती आपल्या बाजूस आली. १९९७ मध्यें जगमोहन दालमिया परिषदेचे अध्यक्ष झाले. पुढें शरद पवार व नागपूरचे विधिज्ञ शशांक मनोहर हे दोन महाराष्ट्रीय गृहस्थही प्रमुखपदीं बसले, आणि १ डिसेंबर २०२४ रोजीं जय शहा यांनीं अध्यक्षपदाचीं सूत्रें हातीं घेतलीं. परिषदेची कचेरी २००५ पासून लंडन सोडून दुबई येथें आहे.

आतां मैदानाकडे वळूं. पूर्वी कसोटी सामन्याचे दोन्ही पंच यजमान देशाचेच असत. पाहुणा संघ हरला कीं पंचांवर ठपका ठेवी, व यजमान संघ जिंकूनही त्याच्या यशावर संशयाची छाया पडे. १९८६ सालीं पाकिस्तानचे कर्णधार इम्रान खान यांच्या आग्रहावरून वेस्ट इंडीजविरुद्धच्या लाहोर कसोटीस दोन भारतीय पंच बोलाविण्यांत आले: व्ही. के. रामस्वामी व आपल्या मुंबईचे पिलू रिपोर्टर. तो प्रयोग पाहून परिषदेनें १९९४ पासून प्रत्येक कसोटीस एक व २००२ पासून दोन्ही पंच त्रयस्थ देशाचे नेमण्याचा नियम केला. परदेशचा पंच चुकत नाहीं असें नाहीं. परंतु तो चुकला असतां मनुष्य चुकला एवढेंच लोक म्हणतात. त्याच्या प्रामाणिकपणाविषयीं कोणी शंका घेत नाहीं. परिषदेच्या कारकीर्दींतील हें अत्यंत चांगलें काम आहे, असें आम्ही मानतों.

मग बैठकींत काय आहे? परिषदेचे १२ पूर्ण सभासद व ९० हून अधिक सहसभासद आहेत. संचालक मंडळावर पूर्ण सभासदांचे प्रत्येकीं एक असे १२ प्रतिनिधि, आणि साऱ्या सहसभासदांचे मिळून केवळ ३. सामने कोठें व्हावेत, विश्वचषकांत किती संघ घ्यावेत, आलेला पैसा कसा वांटावा, हें सर्व मुख्यतः हेच ठरवितात. म्हणजे ज्यांस वांटा घ्यावयाचा आहे तेच वांटणी करितात. ही गोष्ट आम्हीच प्रथम सांगतों असें नव्हे. परिषदेनेंच नेमलेल्या चौकशीचा अहवाल इंग्लंडचे निवृत्त न्यायाधीश लॉर्ड वुल्फ यांनीं २०१२ सालीं दिला व स्वतंत्र संचालक वाढवावे, मोठ्या देशांचें वर्चस्व कमी करावें, अशी शिफारस केली. ती बाजूस ठेवण्यांत आली. दोनच वर्षांनीं, २०१४ मध्यें, भारत, इंग्लंड व ऑस्ट्रेलिया यांच्या मंडळांनीं मिळून उत्पन्नाचा मोठा भाग व कार्यकारी समितींतील कायमच्या जागा आपणांकडे घेतल्या. ती व्यवस्था २०१७ सालीं मोडली. अध्यक्ष स्वतंत्र असावा व एक स्वतंत्र संचालिका असावी असें ठरलें, व त्या जागीं २०१८ मध्यें इंद्रा नूयी आल्या. एवढ्या मोठ्या मंडळांत एक जागा! तरी पाऊल योग्य दिशेस पडलें, हें नाकारतां येत नाहीं.

या रचनेचे परिणाम कागदावरच राहत नाहींत. २ मार्च २०११ रोजीं बंगळूर येथें आयर्लंडच्या संघानें इंग्लंडच्या ३२७ धांवांचा पाठलाग करून विश्वचषकांतील सामना जिंकला. त्या स्पर्धेंत १४ संघ होते. २०१९ व २०२३ च्या स्पर्धा परिषदेनें १० संघांच्या केल्या, व आयर्लंडला दोन्हींत स्थान मिळालें नाहीं. मोठ्या संघांचे सामने अधिक झाले म्हणजे प्रेक्षक अधिक, व प्रेक्षक अधिक म्हणजे उत्पन्न अधिक, हा त्यामागील हिशेब होता. २०२७ ची स्पर्धा पुन्हा १४ संघांची करण्याचें ठरलें, हें ठीकच झालें. पण मध्यंतरीं ज्या खेळाडूंचीं उमेदीचीं वर्षें निघून गेलीं तीं त्यांस कोण परत देणार?

दुसरें उदाहरण अफगाणिस्तानचें. तो देश २०१७ मध्यें पूर्ण सभासद झाला. पूर्ण सभासदानें स्त्रियांचाही संघ ठेवावा अशी परिषदेची अपेक्षा असते. ऑगस्ट २०२१ मध्यें तेथें तालिबानची सत्ता आली, मुलींचें खेळणें बंद पडलें, व करारबद्ध झालेल्या कित्येक खेळाडू मुलींस देश सोडून ऑस्ट्रेलियांत आश्रय घ्यावा लागला. पुरुषांचा संघ मात्र स्पर्धांतून खेळत राहिला. त्या पुरुष खेळाडूंचा यांत दोष नाहीं, व त्यांना घरीं बसवून मुलींचा लाभ होईल असेंही आम्हांस वाटत नाहीं. पण या मुलींच्या साहाय्यार्थ योजना जाहीर करण्यास परिषदेस एप्रिल २०२५ उजाडावा लागला. बैठकींत त्यांच्या बाजूनें बोलणारा कोणी नसेल, तर विलंब व्हावा यांत नवल तें काय?

येथें एक आक्षेप येईल. कोणी म्हणेल, परिषदेचा बहुतेक पैसा भारतांतील प्रेक्षकांमुळें येतो. मग भारतास अधिक मिळालें तर अन्याय कोणता? वृत्तपत्रांत आलेल्या आकड्यांप्रमाणें, २०२३ सालीं डर्बन येथें मंजूर झालेल्या वांटणींत २०२४ ते २०२७ या वर्षांकरितां भारतीय मंडळाचा वाटा शेंकडा सुमारें ३८.५ आहे, इंग्लंडचा ७ हून किंचित् कमी, व सर्व सहसभासदांचा मिळून सुमारें ११. जो मिळवितो त्यास अधिक मिळावें, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु अधिक म्हणजे किती, हें मिळविणाऱ्यानेंच ठरवूं नये. ज्यास भारतांत सामने नेऊन उत्पन्न करतां येत नाहीं, पण ज्याच्या मुलांना चेंडू, जाळी व शिक्षक हवा आहे, अशा देशाची गरजही तराजूच्या दुसऱ्या पारड्यांत पडली पाहिजे. आणि तो तराजू धरणारा हात त्रयस्थाचा असावा.

म्हणून आमची सूचना अशी: संचालक मंडळावर निदान एक तृतीयांश जागा कोणत्याही देशाच्या मंडळाशीं संबंध नसलेल्या व्यक्तींस द्याव्या, सहसभासदांच्या जागा वाढवाव्या, आणि पैशाच्या वांटणीचे आंकडे व त्यांचीं कारणें परिषदेनें स्वतः प्रसिद्ध करावीं. मैदानावरील पंचांविषयीं जें ३० वर्षांपूर्वी शक्य झालें, तें येथें अशक्य कां असावें?

ही मागणी करण्याची जबाबदारी इतरांपेक्षां आम्हां भारतीयांवर अधिक आहे. नकाराधिकार दुसऱ्यांच्या हातीं होता तेव्हां तो अन्याय आहे असें आपणच म्हणत होतों, व तो दूर झाला त्याच वर्षीं ज्यांच्या मतांनीं विश्वचषक आपल्या अंगणांत आला ते देश लहानच होते. आज बैठकींत आपला शब्द सर्वांत जड आहे. लॉर्ड्सवरील जुन्या धन्यांनीं जें आपण होऊन केलें नाहीं, तें आपल्या मंडळानें आपण होऊन करून दाखवावें. आमच्या शाळेच्या मैदानावर खेळणाऱ्या ज्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढें अशा बैठकींत बसतील, त्यांनीं पंचाचें बोट वर गेलें असतां मुकाट्यानें तंबूकडे परतण्याची जी संवय येथें लावून घेतली आहे, ती तेथेंही विसरूं नये, एवढीच आमची इच्छा आहे.